कोल्हापुरातनं पहिली एमएमए फाईट खेळायला निघालाय? मग हे वाचून जावा

एमएमए म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती आणि गळे-सांधे आवळणं सगळं एकत्र चालणारी लढत. तिची पहिली फाईट ठरली की पोरं आधी काय करतात तर यूट्यूब उघडतात, आणि मग फ्लाइंग नी, स्पिनिंग किक, कुठलंतरी ब्राझीलचं सबमिशन असलं कायकाय रात्री दोन वाजेपर्यंत बघत बसतात. पहिल्या फाईटीत त्यातलं काही लागत नाही. लागतं ते सगळं बोरिंग असतंय, म्हणजे रिपोर्ट, वजन, नियम, दम, आणि आपल्याकडच्या पोरांना एक जास्तीचं काम, ते म्हणजे तालमीत अंगात मुरलेल्या कुठल्या सवयी ठेवायच्या आणि कुठल्या सोडायच्या. कोल्हापुरातनं एमएमएकडं वळणारे बहुतेक जण कुस्तीतनंच येतात, गंगावेस म्हणा, मोतीबाग म्हणा, शाहूपुरी म्हणा नाहीतर गावाकडची तालीम, माती कुठंतरी लागलेली असतेच. म्हणून हे मुख्यतः त्यांच्यासाठी लिहितोय. बॉक्सिंग-कराटेवाल्यांसाठी मध्ये थोडं आहे, आणि पोरींसाठी वेगळं काही नाही, सगळं तेच.

आधी हे बघा, तयार आहे का

"मी तयार आहे" हे आपण म्हणून चालत नाही, कोच किंवा वस्ताद म्हणाला पाहिजे. माझ्या मते निदान वर्षभर तरी स्ट्रायकिंग म्हणजे ठोसे-लाथा आणि ग्राउंड म्हणजे खाली पडल्यावरची लढत, दोन्ही नियमित झालेलं असावं, कुस्ती दहा वर्षं केली असली तरी. आणि तीन गोष्टी जिममध्येच तपासून घ्यायच्या. कुणीतरी छातीवर बसून हलके ठोसे मारतंय तेव्हा डोळे मिटून हात हलवत बसता की काहीतरी करून बाहेर येता? तोंडावर नीट एक बसल्यावर चिडून धावून जाता की हात वर घेऊन पुढचं बघता? आणि गळा लागला की वेळेत टॅप करता का, म्हणजे हातानं थापटून हार कबूल करता का? तिसरी गोष्ट पैलवान गड्याला सगळ्यात अवघड जाते, कारण लहानपणापासून डोक्यात बसलेलं असतंय की हार मानायची नाही. इथं टॅप केला नाही तर चोकमध्ये काही सेकंदांत शुद्ध जाते आणि आर्मबारमध्ये कोपर जातो. सहा महिने घरात बसायचं असेल तर टॅप करू नका.

जोड कुणाशी आणि कुठं

मैदानात कुस्ती जोडताना वस्ताद समोरच्याचं सगळं काढतो, कुठल्या तालमीचा, कुणाचा पठ्ठा, मागच्या वर्षी कुणाबरोबर लढला. इथंही तेच करायचं. समोरच्याच्या किती फाईट झाल्या, तो किकबॉक्सिंग किंवा ज्यूदोमध्ये आधी खेळलाय का, त्याचं खरं वजन किती. "ह्याची पण पहिलीच आहे" असं आयोजक सांगतो आणि गडी निघतो किकबॉक्सिंगचा जुना मेडलवाला, असं होतं. नाव कळलं की शोधा, व्हिडिओ बघा, ओळखीत विचारा. नाव सांगायलाच कुणी तयार नसेल तर ती फाईट घेऊ नका.

आयोजकाला विचारायच्या गोष्टी थोड्याच, पण लाजायचं नाही. केजच्या, म्हणजे जाळीच्या पिंजऱ्याच्या, बाजूला डॉक्टर बसणार का, ॲम्ब्युलन्स फाईट संपेपर्यंत थांबणार का, रेफरी कोण, अमॅच्युअर नियम आहेत की प्रोफेशनल, लागलं तर खर्च कोण करणार. सही करायच्या कागदात बहुतेक वेळा "जबाबदारी माझी" असंच लिहिलेलं असतंय, म्हणून स्वतःच्या मेडिक्लेममध्ये असले खेळ बसतात का ते आधीच बघून ठेवा, बऱ्याच पॉलिसीत बसत नाहीत. ॲम्ब्युलन्सच्या प्रश्नावर आयोजक हसला तर उठून यायचं, एवढं साधं आहे.

नियम हातात छापील घ्या

इमाफ म्हणजे अमॅच्युअर एमएमएची जागतिक संघटना, तिच्या नियमांत साधारण ३ मिनिटांचे ३ राऊंड असतात, मध्ये १ मिनिट विश्रांती. कोपर बंद, डोक्याला गुडघा बंद, हील हूक म्हणजे टाच पिरगाळून गुडघ्यावर जोर आणणं बंद, नडगीचे शिन गार्ड घालावेच लागतात, आणि ग्लोव्हजही प्रोफेशनलच्या ४ औंसपेक्षा जाड असतात. प्रोफेशनलमध्ये युनिफाइड रूल्स, ५ मिनिटांचा राऊंड, कोपर-गुडघे चालू, फक्त खाली असलेल्याच्या डोक्याला गुडघा बंद. पण स्थानिक स्पर्धेत ह्या दोन्हींची खिचडी असू शकते, त्यामुळे आपल्या फाईटीला नक्की काय चालतंय ते लेखी घ्यायचं. नियम बदलतही राहतात, युनिफाइड रूल्समध्ये वरून सरळ खाली मारायच्या कोपरावरची बंदी नोव्हेंबर २०२४ पासून उठली, जुने व्हिडिओ बघून शिकलेल्याला हे माहीतच नसतं.

मातीतल्या पैलवानानं दोन फाऊल मुद्दाम लक्षात ठेवायचे. एक, समोरच्याची शॉर्ट किंवा ग्लोव्ह धरायचा नाही. मातीत जांघियाला हात घालणं चालतं, हाताला ती सवयच असते, इथं रेफरी पॉइंट कापतो. दोन, पाठीवर सवारी केल्यावर डोक्याच्या मागं मारायचं नाही, कानाच्या बाजूनं मारायचं. बाकी डोळ्यात बोट, केस, चावणं, गळ्याच्या घाटीवर मारणं, केजची जाळी धरणं, एकेक बोट पकडून पिरगाळणं हे बंद आहे ते सगळ्यांना माहीत असतंच. नाजूक जागी लागलं तर सावरायला ५ मिनिटांपर्यंत वेळ मिळतो, तो पूर्ण घ्या, मर्दानगी दाखवायला अर्ध्या मिनिटात उभं राहू नका.

कुस्तीतलं काय न्यायचं आणि काय घरी ठेवायचं

आता खरा विषय. कुस्तीवाल्याकडं जे आहे ते दुसऱ्याला पाच वर्षांत येत नाही. तोल, पकड, कमरेतली ताकद, समोरच्याच्या अंगाचा वजनभार हाताला कळणं, आणि फाईट कुठं होणार, उभ्यानं की खाली, हे ठरवायचा अधिकार. हे सगळं न्यायचं. पण चार जागी कुस्तीच घात करते.

पहिली जागा मान. एकेरी किंवा दुहेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक किंवा दोन्ही पाय धरून पाडायचा डाव, काढताना डोकं खाली जातं, मान पुढं येते, आणि कुस्तीत गळा आवळणं चालत नसल्यामुळं मानेची भीतीच नसते. समोरचा पट देतो, मान काखेत घेतो आणि गिलोटीन आवळत खाली बसतो. तुम्हाला वाटतंय मी पाडला, आणि तुम्हीच टॅप करताय. मुंबईचा भरत खंदारे हा यूएफसीत, म्हणजे एमएमएच्या सगळ्यात मोठ्या अमेरिकन स्पर्धेत, गेलेला पहिलाच भारतीय, तो पण कुस्तीतनंच आलेला, नोव्हेंबर २०१७ ला शांघायला पहिली फाईट झाली आणि पहिल्याच राऊंडमध्ये गिलोटीनवर गेली. एवढ्या वरच्या पातळीवर हे होतंय तर आपलं काय. उपाय असा, पट काढताना डोकं वर, नजर वर, कपाळ समोरच्याच्या बरगडीला चिकटलेलं पाहिजे, बाहेर लोंबकळत नको. आणि मान अडकलीच तर मागं ओढायची नाही, आधी आवळणाऱ्याचा मनगट धरायचा, हनुवटी छातीकडं, आणि मान ज्या बाजूला अडकलीय त्याच्या उलट बाजूला अंग न्यायचं. हे रोज, प्रत्येक पटानंतर जोडीदाराला मुद्दाम गिलोटीन घ्यायला लावून करायचं. ह्या एका गोष्टीवर दोन महिने घातले तरी वाया जात नाहीत.

दुसरी जागा पोट. कुस्तीत खाली गेलं की आपण पोटावर पडतो, हातपाय पसरतो, पाठ वर ठेवतो, कारण पाठ टेकली की चीत. एमएमएमध्ये नेमकं हेच सगळ्यात वाईट. पाठ दिली की समोरचा दोन्ही पाय आत घालतो, हात गळ्याखालून सरकवतो आणि रिअर नेकेड चोक. आणि चोक नाही बसला तरी कानावर ठोसे खात पडायचं, तुम्ही काहीच करत नाही हे दिसलं की रेफरी थांबवतो. म्हणून पाठ टेकली तर टेकू दे, इथं त्याचा पॉइंट पण जात नाही आणि कुस्ती पण जात नाही. पाठीवर पडून पाय समोरच्याच्या कमरेभोवती, त्याचं डोकं खाली ओढून धरायचं, ठोसा मारायला जागा द्यायची नाही, आणि तिथनं जाळीकडं सरकायचं, पाठ जाळीला लावायची, एक हात जमिनीवर, दुसरा समोरच्याच्या काखेखालनं म्हणजे अंडरहुक, आणि पाठीनं जाळीवर चढत उभं राहायचं. डोक्याला हे एका दिवसात पटतं, पण अंग ऐकत नाही, दमल्यावर ते पुन्हा पोटावरच वळतंय. त्यामुळं दमलेल्या अवस्थेतच ह्याची प्रॅक्टिस करायची, ताजेतवाने असताना करून उपयोग नाही.

तिसरी, उभं राहायची पद्धत. कुस्तीची ठेवण खाली वाकलेली, पुढचा पाय जड, हात पुढं. त्या पुढच्या पायावर समोरचा लो किक, म्हणजे मांडी-पोटरीवर लाथा, मारत सुटतो आणि दुसऱ्या राऊंडला तो पाय तुमचा राहत नाही. वाकलेलं डोकं म्हणजे अपरकटला, खालनं वर येणाऱ्या ठोशाला, निमंत्रण. थोडं उंच उभं राहायचं, हात गालाजवळ, आणि लांबनं नुसता पट काढायला झेपावायचं नाही. आधी जॅब म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, त्याचे हात वर, मग पट. जॅब लागलाच पाहिजे असं पण नाही, त्यानं डोळे मिचकावले तरी पुरे. लो किकला नडगी उचलून अडवायची, हे शिकल्याशिवाय फाईट घेऊच नका.

चौथी, ढाक, म्हणजे पाठ वळवून कमरेवरनं फेकायचा डाव. आपल्याकडं ढाकेवर पोरं जीव टाकतात, आणि लागली की लई भारी दिसते, मान्य. पण घामानं निसरडं झालेलं अंग, हातात ग्लोव्हज, आणि ढाक अर्ध्यात निसटली की तुमची पाठ समोरच्याच्या छातीला. परत तोच गळा. पहिल्या फाईटीत ढाक, कलाजंग असले फेकायचे डाव बाजूला ठेवा, पट, जाळीला दाबून पाय काढणं आणि सवारी ह्यावर राहा.

अजून एक, चूक नाही पण गैरसमज. पाडलं म्हणजे राऊंड आपला, असं नाही. जज १० पॉइंटच्या पद्धतीनं बघतात, राऊंड जिंकणाऱ्याला १०, दुसऱ्याला ९ किंवा कमी, आणि आधी बघतात की कुणाच्या मारानं आणि कुणाच्या ग्रॅपलिंगनं, म्हणजे पकड-पाडापाडीनं, खरा परिणाम झाला. पाडून नुसतं वर पडून राहिलात तर रेफरी उभं पण करतो आणि जजवर छाप पण पडत नाही. वर गेलात की एक हात पकडीला, दुसरा मारायला. यूएफसीचा रशियन चॅम्पियन खबीब २९ फाईट न हरता २०२० मध्ये थांबला, त्याच्या फाईट बघा, पाडल्यावर समोरच्याचा मनगट पाठीमागं अडकवून दुसऱ्या हातानं मारत राहायचा. ती सवारीच आहे, आपल्या पोरांना बघितल्यावर लगेच कळते.

बॉक्सिंग, कराटे, तायक्वांदोवाल्यांना उलटं. तुम्ही तालमीत जा. वस्तादाला सांगा की मला फक्त पट अडवायला आणि पडल्यावर उठायला शिकायचंय, शक्य तितक्या पोरांनी तुमचे पट काढू देत. चार दिवस माती खाल, मग कमरेचा भाग आपोआप मागं जायला लागतो. तालमीत जाताना तिथली रीत पाळा, लाल मातीला आणि वस्तादाला नमस्कार करून आत.

आठ आठवड्यांचं गणित

पहिले पाच आठवडे कष्टाचे. आठवड्यात एक दिवस जोरात स्पारिंग म्हणजे सरावाची फाईट, मोठे १६ औंसचे ग्लोव्हज, हेडगार्ड, माउथगार्ड, आणि एक दिवस हलकं. रोज एकमेकांची डोकी फोडणं म्हणजे तयारी नाही. स्पारिंगमध्ये चक्कर आली, डोकं जड झालं, उजेड सहन होईना तर त्या दिवशी बंद, डॉक्टरला दाखवायचं आणि तो सांगेपर्यंत डोक्याला मार नाही, फाईट रद्द झाली तरी चालेल.

दम हा सगळ्यांचा प्रश्न. जोर, बैठका, सपाट्या चालू ठेवा, त्यानं ताकद राहते, पण मातीतला दम आणि राऊंडचा दम वेगळा. मैदानात पैलवान अर्धा वेळ एकमेकांचा अंदाज घेण्यात घालवतात, इथं तीन मिनिटांत तीन वेळा पडायचं, तीन वेळा उठायचं आणि मध्ये मार पण खायचा. म्हणून घड्याळ लावून सराव, ३ मिनिटं काम, १ मिनिट थांबा, असे पाच राऊंड, आणि प्रत्येक राऊंडला ताजा जोडीदार. सकाळी रंकाळ्याला नाहीतर विद्यापीठाच्या आवारात हळू पळायचं, आठवड्यातनं एकदा जोतिबाच्या चढाला जोरात. पन्हाळ्यापर्यंत पळत जायचा नाद ह्या काळात नको, गुडघे जातात आणि त्या दमाचा इथं उपयोग नाही.

शेवटच्या दहा दिवसांत जोरातलं स्पारिंग बंद. ह्या दिवसांत पोरं घाबरून जास्त करतात आणि नेमकं तेव्हाच बरगडी नाहीतर बोट मोडून घेतात. पाण्यात पोहा, तंत्र घोटा, झोपा.

मध्येच कातडीचं सांगतो कारण कुणी सांगत नाही. गजकर्ण, पुळ्या, ओठावरची नागीण असलं काही दिसलं तर डॉक्टर फाईटीच्या दिवशी परत पाठवू शकतो, आणि ते मॅटवरनं एकाचं दुसऱ्याला लागतंच. सराव झाला की लगेच आंघोळ, कपडे रोज धुवायचे, आणि पावसाळ्यात आपल्याकडं काही वाळतच नाही तर दोन-तीन जोड जास्त ठेवा. मेडिकलवाल्यानं दिलेली स्टेरॉइडची ट्यूब गजकर्णावर चोळू नका, वरनं बरं दिसतं आणि पसरतंय, स्किनच्या डॉक्टरकडं जा. कानात रक्त साचून फुगला तर पण लगेच दाखवा, पैलवानाचा कान म्हणून मिरवायचं असेल तर फाईटीनंतर मिरवा.

मेडिकल रिपोर्ट

एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी ह्या रक्ताच्या टेस्ट जवळजवळ सगळीकडं मागतात. बरोबर ईसीजी, बीपी, डोळ्यांची तपासणी, काही ठिकाणी मेंदूचा सीटी किंवा एमआरआय, पोरींना प्रेग्नन्सी टेस्ट. रिपोर्ट किती दिवसांपूर्वीचे चालतात ते आधी विचारा, नाहीतर परत पैसे. महिनाभर आधी करून टाका म्हणजे काही निघालं तर वेळ राहतो. दमा, फिट्स, जुना डोक्याचा मार, चष्म्याचा मोठा नंबर ह्यातलं काही असेल तर डॉक्टरपासून लपवायचं नाही. मोठा मायनस नंबर असणाऱ्याला डोळ्याच्या पडद्याचा धोका जास्त असतो, डोळ्याच्या डॉक्टरला स्पष्ट सांगा की मी तोंडावर मार खाणार आहे, तो पडदा नीट बघेल.

आणि ते इंजेक्शन. कुठल्या इंजेक्शनबद्दल बोलतोय ते जिममध्ये जाणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. मेफेन्टरमाइन हे ऑपरेशनच्या वेळी बीपी खाली गेलं तर वर आणायला द्यायचं औषध आहे, ते घेऊन केजमध्ये जाणं म्हणजे हृदयाशी खेळ, आणि वाडा ह्या जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या बंदीच्या यादीत पण आहे. जो कोण देतो म्हणतोय त्याच्यापासून लांब राहा, मग तो कितीही मोठा पैलवान असू दे.

वजन

पहिल्या फाईटीला पाणी तोडून वजन उतरवायचं नाही. ह्यावर मी कुणाशी वाद पण घालत नाही. २०१५ मध्ये वन चॅम्पियनशिप ह्या आशियातल्या एमएमए संघटनेच्या यांग जियान बिंग ह्या चिनी फायटरचा फाईटीच्या तोंडावर वजन उतरवण्यात जीव गेला, त्यानंतर त्या संघटनेनं नियमच बदलले. आणि १०० ग्रॅमसाठी विनेश फोगाटचं पॅरिसमध्ये काय झालं ते अख्ख्या देशानं बघितलंय. शिवाय बऱ्याच अमॅच्युअर स्पर्धांत वजन त्याच दिवशी सकाळी होतं, म्हणजे सुकलेलं अंग भरून यायला वेळच नाही, आणि पाणी कमी असलेल्या शरीरानं डोक्याला मार घेणं हे सगळ्यात धोक्याचं.

गट साधारण असे, ५६.७ किलो, ६१.२, ६५.८, ७०.३, ७७.१. रोजचं सकाळचं वजन ज्या गटाच्या वर दोन-अडीच किलोच्या आत आहे तो गट घ्यायचा आणि आठ आठवड्यांत जेवणातनं हळूहळू, आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास, खाली यायचं. ह्यासाठी काय सोडायचं तर थंडाई, तूप ओतून घेतलेला भात, संध्याकाळची भेळ, आणि गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध रोज लिटरनं प्यायची सवय. दुधाला माझा विरोध नाही, पैलवानाच्या खुराकाचं गणित दिवसभराच्या मेहनतीवर बसलेलं असतंय, ऑफिसला जाऊन संध्याकाळी दीड तास सराव करणाऱ्याला तो खुराक वजनातच दिसतो. अंडी, चिकन, डाळ, ताक, ज्वारीची भाकरी, भाज्या, फळं एवढ्यात सगळं होतंय. मटण खा, रस्सा कमी घ्या.

सामान

माउथगार्ड गरम पाण्यात टाकून दातावर बसवायचा असतो, तो निदान महिनाभर आधी बसवून त्यातच स्पारिंग करा, फाईटीच्या दिवशी पाकिटातनं नवीन काढला तर श्वासच घेता येत नाही. नाजूक जागेचा ग्रोईन गार्ड घट्ट बसणारा. शॉर्टला खिसा, चेन, बटण नको. रॅशगार्ड, म्हणजे अंगाला चिकटणारा टी-शर्ट, कुठल्या रंगाचा ते विचारा. हाता-पायाची नखं कापून जा. बँडेज आणि टेप आयोजक देतो का ते बघा, कोपऱ्यातल्या कुणाला तरी हात नीट बांधता आले पाहिजेत.

कोपऱ्यात कोण

दोन किंवा तीन माणसं, आणि बोलणारा एकच. कोल्हापूरच्या पोराची फाईट बाहेर कुठं असली की अख्खी गल्ली ट्रॅक्स भरून येते आणि जाळीबाहेरनं सगळेच वस्ताद होतात, "मार की लेका", "पट काढ पट काढ", फायटरला काही कळत नाही. कोपऱ्यातल्याचा आवाज सरावातच कानाला ओळखीचा करून घ्या, आणि तीन-चार शब्द ठरवा, त्यापलीकडं नाही. विश्रांतीच्या एका मिनिटात पहिले २० सेकंद कुणी बोलायचं नाही, फक्त श्वास, पाणी, बर्फ. मग एक गोष्ट सांगायची, पाच नव्हे. आणि त्या माणसाला फाईट थांबवायचा अधिकार आधीच देऊन ठेवा, तोंडानं सांगून.

कोपऱ्यातल्याला नियम पाठ पाहिजेत. आपले खाशाबा जाधव, राजाराम कॉलेजचे, १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं, त्या वेळचा प्रसंग माहीत असेलच, लांबलेली एक कुस्ती संपल्यावर लगेच पुढच्या कुस्तीला बोलावलं, मध्ये ३० मिनिटं विश्रांतीचा नियम होता पण बाजू मांडायला आपला एकही अधिकारी तिथं नव्हता. आपल्याकडं अजूनही फायटरबरोबर फक्त मोबाईलवर शूटिंग करणारे जातात.

फाईटीचा दिवस

नवीन काहीही खायचं नाही. मिसळ तर नाहीच. सकाळी वजन झालं की पाणी आणि ओआरएस घोट घोट, केळी, भात-वरण, इडली असलं पोटाला हलकं. शेवटचं नीट जेवण फाईटीच्या तीन-चार तास आधी. रूल्स मीटिंगला झोपा काढू नका, रेफरी तिथं सांगतो की तो काय म्हणल्यावर थांबायचं, शंका तिथंच विचारा.

वेळेवर काही होत नाही हे धरून चाला. तुमची फाईट सहाला म्हणून सांगतात आणि होते साडेआठला, किंवा आधीची फाईट चाळीस सेकंदांत संपते आणि एकदम बोलावतात. त्यामुळं वॉर्मअप दोन टप्प्यांत, आधी घाम येईपर्यंत एकदा, मग अंगावर जॅकेट घालून बसायचं, आणि तुमच्या आधी दोन फाईट राहिल्या की परत पॅडवर. पहिल्यांदा घाम आणि पहिला दमछाकीचा झटका वॉर्मअपमध्येच येऊन गेला पाहिजे, केजमध्ये नको.

भीती वाटणार. हात गार पडतात, सारखं लघवीला लागतं, जांभया येतात, हे सगळ्यांना होतं आणि त्यात काही चुकलेलं नाही. खासबागेच्या कुस्ती मैदानात हलगी वाजायला लागली की अंगावर काटा येतो तसलंच असतं ते, फरक एवढाच की इथं मागनं जाळीचं दार लावतात आणि तो कडीचा आवाज पहिल्यांदा जरा विचित्र वाटतो. जमलं तर आदल्या दिवशी किंवा सकाळी रिकाम्या केजमध्ये जाऊन या, दोन फेऱ्या मारा, जाळीला पाठ लावून बघा, जमीन किती घसरते ते पायाला कळू द्या.

दार लागल्यावर

पहिलं एक मिनिट सगळ्यात महाग. सगळी ताकद त्यातच ओतली जाते आणि दुसऱ्या राऊंडला हात उचलत नाहीत. पहिल्या फाईटीत हे सगळ्यात जास्त वेळा होतं, मार खाऊन कमी आणि दम संपून जास्त हरतात. सुरुवातीला नाकानं श्वास, जॅब, पाय हलते, समोरचा काय करतोय ते बघा. पट पहिल्याच दहा सेकंदांत काढायला जाऊ नका, तो त्याचीच वाट बघत असतो, कोल्हापूरचा म्हटल्यावर तर नक्कीच.

प्लॅन एका वाक्यात मावला पाहिजे. "जॅब, जाळीला दाब, पाड, वरनं मार." बास. त्यात गळ्याची संधी आपोआप आली तर घ्या, शोधत जाऊ नका. आणि रेफरीचा हात अंगाला लागेपर्यंत किंवा त्यानं थांबा म्हणेपर्यंत हात खाली करायचे नाहीत, समोरच्यानं टॅप केला असं वाटून सोडून द्यायचं नाही.

संपल्यावर

जिंकलात तरी आधी डॉक्टर. ॲड्रेनालिनमुळं मोडलेला हात पण दुखत नाही, तासाभरानं सुजतो. त्या रात्री एकटं झोपायचं नाही, स्वतः बाईक किंवा गाडी चालवत घरी यायचं नाही, दारू तर अजिबात नाही, पार्टी आठवड्यानं करा, तांबडा-पांढरा कुठं पळून जात नाही. डोकं वाढत दुखायला लागलं, उलट्या झाल्या, बोलण्यात गडबड, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसली, जास्तच झोप येऊन उठवल्यावर नीट जागं होईना, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल. दुखतंय म्हणून ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन असल्या गोळ्या त्या रात्री नकोत, रक्तस्राव वाढू शकतो, पॅरासिटामॉल चालते.

नॉकआउट किंवा मारानं फाईट थांबली असेल तर बाहेरच्या देशांत कमिशन साधारण ३० ते ९० दिवस सक्तीनं बसवतात. आपल्याकडं कुणी बसवलं नाही तरी तुम्ही बसा. नुसती पॉइंटवर हार-जीत झाली असली तरी दोन आठवडे स्पारिंग नको, पळा, पोहा. व्हिडिओ चार-पाच दिवसांनी कोचबरोबर बसून बघायचा, आधी आवाज बंद करून, आणि कमेंट वाचायच्या नाहीत. बघताना तुमचे पट किती लागले ते मोजू नका, खाली गेल्यावर पोटावर किती वेळा वळलात ते मोजा, पुढच्या दोन महिन्यांचा सराव तिथनंच ठरवायचा.